बारा फुटी समुद्र आणि एक म्हैस

मित्रांनो, मी एक जुना समुद्र आहे. लांबी बारा फूट, उंची नऊ फूट, खोली अजिबात नाही. छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद होतं तेव्हापासून मी युसूफभाईंच्या फोटो स्टुडिओत भिंतीवर टांगलेला आहे. खरा समुद्र इथून लांब पडतो, म्हणून लोक माझ्यावर भागवतात.

मला जाड कापडावर रंगवलं कडुबा पेंटरने. एरवी तो ट्रकांच्या मागे कमळं काढायचा. युसूफभाई त्याला म्हणाले, "समंदर पाहिजे. शाम का वक्त, सूरज डूबता हुआ. लोक पुढं उभे राहतील, मी फोटो काढीन."

कडुबाने समुद्र कधी पाहिला नव्हता. पण न बघता काढणं त्याच्या तत्त्वात बसेना. तो एसटीने पैठणला गेला आणि जायकवाडी धरणावर संध्याकाळभर बसला. दुसरा काठ दिसत नाही याची खात्री करून घेतली आणि परत येऊन दिसलं ते सगळं काढलं. नारंगी आभाळ, जांभळं पाणी, बुडता सूर्य, काठावर एक बाभूळ. आणि पाण्यात मान वर काढून बसलेली एक म्हैस.

युसूफभाईंनी म्हशीवर बोट ठेवलं. "ये भैंस कायकू?"

"व्हती तिथं."

"समंदर में?"

"मंग काय हाकलू तिला? सूर्य व्हता, काढला. म्हैस व्हती, काढली."

म्हैस पुसायला कडुबा तयार होईना. शेवटी युसूफभाईंनी म्हशीच्या बरोबर समोर फरशीवर खडूने फुली मारली. जो येईल त्याला त्या फुलीवर उभं करायचं. नवरा-नवरी आले, बारशाची पोरं आली, मॅट्रिक पास झालेले आले. सगळ्यांनी आपापल्या परीने म्हैस झाकली. जाडजूड गिऱ्हाईक आलं की युसूफभाईंचा चेहरा उजळायचा. किडकिडीत माणूस आलं, तर ते त्याच्या हातात उघडी छत्री द्यायचे. या शहरातल्या कित्येक बारीक माणसांच्या फोटोत मावळत्या उन्हात छत्री का आहे, ते मी आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

माझं कौतुकही फार झालं. "मुंबईला कधी गेलते हो?" असं शेजारी विचारत आणि फोटोतली माणसं नुसती गालात हसत. माझा सूर्य पस्तीस वर्षं मावळतोच होता. घाई कुणालाच नव्हती.

मग शहर वाढलं. रस्ता रुंद झाला आणि स्टुडिओ अर्धा राहिला. युसूफभाईंची मुलगी आमरीन कॉम्प्युटर घेऊन आली. "अब्बा, इसमें दो सौ समंदर हैं. एक में भी भैंस नइं." त्याच साली दुष्काळ पडला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. मला उतरवलं, घडी घातली आणि पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून टाकलं. मी समुद्र असून दोनशे लिटर पाण्याची राखण केली, आणि मनापासून केली. पण ओलीने माझा एक कोपरा सोलला. "बुधवारी भंगारवाला येतो, त्याला देऊन टाकू," आमरीन म्हणाली.

मंगळवारी बिडकीनच्या साळूबाई आल्या. त्यांची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली होती. कागदाला लावायला छोटा फोटो हवा होता. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. आमरीनने पेला बुडवायला माझी घडी उलगडून बाजूला केली, आणि साळूबाई पाणी विसरल्या.

"ही तुमाला कुठं घावली?"

"कोण, मावशी?"

"आमची चंद्री! अशीच बसायची बघ, मान वर करून. गावानं हाका मारल्या तरी उठायची नाय." त्या घडीशेजारी खाली बसल्या. "औंदा तळं आटलं. चारा नाय, पाणी नाय. मागल्या महिन्यात सिल्लोडच्या बाजारात दुसऱ्याच्या हाती दावं दिलं. तिचा एक फोटू नाय गं माझ्याकडं. हिच्यासंगं काढ."

आमरीनने बापाकडे पाहिलं. बापाने शिडी आणली. मला पुन्हा टांगलं. सवयीने साळूबाईंना फुलीवर उभं केलं गेलं. युसूफभाईंनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि पस्तीस वर्षांत तोंडातून न निघालेलं वाक्य बोलले.

"मावशी, जरा बाजूला सरका. भैंस दिसत नाही."

साळूबाई सरकल्या. म्हशीच्या पाठीवर हात ठेवल्यासारखा त्यांनी माझ्यावर हात ठेवला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला हात लावून फोटो काढणारं ते पहिलंच माणूस.

फोटो निघाला. त्याची एक प्रत स्टुडिओच्या दर्शनी काचेत लागली. मग लोक येऊन विचारू लागले, "ते म्हशीच्या समुद्रवालं दुकान इथंच ना?" भंगारवाला तर फोटोच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, येऊन गेला होता. आमरीनने त्याला माझ्याऐवजी छत्री दिली.

फुली आता पुसली आहे. तुम्ही आलात तर कुठंही उभे राहा, फक्त म्हशीच्या आड येऊ नका. आणि बाळांनो, घरातलं जुनं काही टाकायच्या आधी एकदा त्याची घडी उलगडून बघा. कुणाची तरी चंद्री आत बसलेली असते. माझ्याबद्दल म्हणाल तर मागणं एकच. मला ओला हात लावू नका. समुद्र असलो तरी मला पाणी सोसत नाही.