पुलावरची परी

आग्लायामावशी दर हिवाळ्यात व्होलोग्दाहून पीटर्सबर्गला माझ्याकडे येते, ती बॅलेचे जुने पोशाख बघायला. यंदा संग्रहालयाकडे जाताना ती कालव्याच्या पुलावर एकदम थांबली. परीच्या पोशाखातली एक मुलगी प्रवाशांबरोबर फोटोसाठी उभी होती आणि तिचा लांब पांढरा झगा काळ्या बर्फात लोळत होता.

“अहो, झग्याची पार लक्तरं केलीत!” मावशी तिच्याजवळ कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या फोटोवाल्यावर कडाडली.

“काकू, फोटो काढायचा तर काढा, नाहीतर पुढे चला.”

मावशी झगा झटकायला वाकली. पातळ मोज्यांतले मुलीचे पाय निळे पडले होते.

“कोट कुठाय गं तुझा?”

“त्यांच्या गाडीत. कोट घातला तर गिऱ्हाईक येत नाही म्हणतात.”

मग मात्र मावशीचा तोल गेला. “लाज वाटत नाही मेल्या? स्वतः टोपी कानांवर ओढलीस आणि पोरीला थंडीत मारतोस? आण तिचा कोट!”

माणसं जमली. फोटोवाल्याने चडफडत कोट आणला.

आम्ही त्या मुलीला, उल्यानाला, समोर चहाला नेलं.

“उद्या परत उभी राहणार?” मावशीने विचारलं.

“दुसरं काम मिळेपर्यंत राहावंच लागेल.”

मावशीने पायांतले जाड लोकरी मोजे काढून तिच्यापुढे टाकले. “झग्याखाली कोणाला दिसतात? त्याने काही म्हटलं तर मला सांग, मी उद्या पुलावरच असेन.”

दुसऱ्या दिवशीही आमचं संग्रहालय राहिलंच.