तिरफळं घातलेले बटाटे

ही ट्रिप फसावी अशी आश्लेषाची मनापासून इच्छा होती. फार नाही, बेताचीच. हाडबीड मोडू नये. फक्त दियाने "घरी जाऊया" म्हणून भोकाड पसरावं, एवढंच.

सात वर्षांच्या दियाला शाळा दोन रात्रींच्या मुक्कामाला नेणार होती आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आश्लेषाचं 'नाही' ठरलेलं. क्षितिज म्हणाला, "आधी आपणच नेऊन बघू. तंबूत एक रात्र राहिली, तर शाळेला हो म्हणायचं. रडली, तर तू जिंकलीस." म्हणून तिघं लंडनच्या स्टॅनमोरहून निघून वेल्समधल्या एका नदीकाठी ट्राउट मासे पकडायला आली होती.

सगळं आश्लेषाच्या पथ्यावर पडत गेलं. दियाच्या कोरड्या कपड्यांची बॅग घरीच राहिली. गॅस बंद आहे ना, हे बघायला पुन्हा आत गेलेल्या आश्लेषानेच ती चपलांच्या रॅकपाशी टेकवली होती. हवेची गादी फुसकी निघाली. क्षितिजने यूट्यूबवर शिकलेल्या ऐटीत गळ मागे भिरकावला, तो बायकोच्या लोकरी टोपीत अडकला.

"हलू नकोस गं!"

"ट्राउट समजलास का मला?"

"ट्राउट एवढा बोलत नाही."

दिया हसून हसून गवतात लोळली आणि लोळता लोळता थेट पाण्यात गेली. पाणी गुडघाभरच, पण आश्लेषाच्या किंकाळीने पलीकडच्या मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबल्या.

आता रडेल, आश्लेषाला वाटलं. आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

"आई, केवढा थंड पाणी आहे! परत करू?"

मग बाबाचा घोट्यापर्यंत लोंबणारा स्वेटर घालून दिया काठावर बसली. संध्याकाळी क्षितिजच्या गळाला एकदाचा वीतभर ट्राउट लागला. आश्लेषाने डबा उघडला. सासूबाईंनी, म्हणजे सुप्रभाताईंनी, खास या माशासाठी ओल्या खोबऱ्याचं वाटण दिलं होतं, तिरफळं घालून. सोबत भाताचे तांदूळ. बाकी खायला काही आणलेलंच नव्हतं, कारण मासा मिळणारच होता.

तेवढ्यात शेताची मालकीण आली. माशाकडे कौतुकाने बघत म्हणाली, "सुंदर! आता सोडून द्या."

"सोडून?"

"इथे पकडलेला मासा परत सोडायचा असतो, लव्ह. बुकिंग करताना वाचलं नाहीत?"

बुकिंग क्षितिजने केलं होतं. मासा गेला. आश्लेषा मराठीत म्हणाली, "सोडायचाच होता तर दिवसभर पकडत कशाला होतास?"

"स्पोर्ट आहे तो."

"मग आईंना तूच सांग, वाटण स्पोर्टसाठी होतं म्हणून."

मालकिणीने दया येऊन बटाटे दिले. ते माशाच्या वाटणात शिजले. घरी टोस्टच्या कडा सोडणाऱ्या दियाने ताटली चाटली.

सकाळी तंबूची एक बाजू क्षितिजच्या तोंडावर बसलेली होती. आश्लेषाची पाठ धरली होती. दिया बाहेर एकेका मेंढीला नाव देत होती.

शब्द म्हणजे शब्द. आश्लेषाने सुस्कारा सोडला. "दिया, तू शाळेच्या ट्रिपला जायचं हं."

"तिकडे काय असतो?"

शाळेने पाठवलेला मजकूर आश्लेषाला तोंडपाठ होता. "बंक बेड. गरम पाणी. रात्रभर एक टीचर जागी."

"नदी?"

"नदीजवळ जायचं नाही."

"मेंढी?"

"कुंपणापलीकडे."

दियाने नाक मुरडलं. "बोअरिंग! मी नाही जाणार. मी इकडेच येणार, प्रत्येक हॉलिडेला. बाबाने प्रॉमिस केला."

आश्लेषाने नवऱ्याकडे पाहिलं. तो तंबूच्या दांड्यांमध्ये एकदम गुंतला.

"जिंकलीस की," तो खाली बघूनच म्हणाला. "नाही जात म्हणतेय ती."

प्रत्येक सुट्टीत! ही नदी, हा गळ, हा माणूस. आणि तिकडे कुंपण असलेली, रात्रभर जागणाऱ्या टीचरची ती गुणी ट्रिप हातची चाललेली. आश्लेषाने फोन उचलला. सिग्नल फक्त टेकाडावर मिळायचा. ती ओल्या गवतातून धावत सुटली, अर्ध्यावर घसरली आणि मेंढ्यांच्या लेंड्यांत बसली. तिथे मात्र रेंज होती. तिने बसल्या बसल्याच शाळेला कळवून टाकलं: येस, दिया नक्की येणार.

खालून दियाचा काळजीचा आवाज आला. "आई, लागला का? रडू नको हां. घरी जाऊया का तुला?"