माझी मान कुणी बांधली?

मी एक जुना लोखंडी पंखा आहे, आणि मी संतापलेला आहे. मित्रांनो, पंख्याने थंड असावं असं तुम्हांला वाटत असेल. पण माझ्यावर आला तसा आळ तुमच्यावर आला असता, तर तुम्हीही असेच घरघरला असता.

माझा जन्म तैवानमधल्या तैपेईच्या एका कारखान्यात झाला. अंगाला हिरवा रंग, पाती लोखंडी आणि पाय इतका जड की मांजर धडकलं तरी मी जागचा हलत नसे. माझे मालक लियाओ सर, त्यांच्या आईने मला लग्नात माहेराहून दक्षिणेकडच्या तैनान शहरात आणलं. तिच्या घरात मी मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत राहिलो. सासू असो, सून असो, नाहीतर दारात टेकलेला पोस्टमन असो, सगळ्यांना सारखा वारा. हाच माझा धर्म होता. पुढे घरात एसी आला आणि मी जिन्याखाली गेलो. तिथे किती वर्षं धूळ खाल्ली ते मला विचारू नका, आणखी भडकेन.

निवृत्त झाल्यावर लियाओ सरांनी वरच्या खोलीत दोन संगणक मांडले आणि एक बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायला घेतला. त्याचं नाव ठेवलं साळुंकी. खोलीतला एसी बंद पडलेला, म्हणून माझी आठवण झाली. सरांचे दोन जुने विद्यार्थी रोज येत. डावीकडे बसे योंग-सेन, उजवीकडे मेंग-रू. दोघांनी साळुंकीची एकेक प्रत घेऊन आपापल्या डोक्याने ती सुधारली. जी साळुंकी सरस ठरेल, ती तैपेईच्या स्पर्धेला जाणार होती. योंग-सेनची ही नुसती हौस होती. मेंग-रूने मात्र यासाठी चांगली नोकरी सोडली होती. तिच्या वडिलांनी बजावलं होतं, "यंदा नाही जमलं तर हा नाद सोडायचा आणि मावशीच्या दुकानात पेज वाढायची."

आता सरांचा न्याय ऐका. दोन्ही साळुंक्या एकमेकींशी हजारो डाव खेळणार. एकदा हिला पांढरी मोहरी, एकदा तिला. डावाची सुरुवात दोघींना तीच, विचाराला वेळ तेवढाच. दोन्ही संगणक एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले. आमच्याकडे यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात. सरांनी तीही दोन आणली आणि चष्मा वर करून दोन्हींवरची तारीख तपासली. "खाऊ शिळा निघाला तर एकीवर अन्याय व्हायचा," म्हणाले. खाऊची तारीख पाहिली, पण वारा कुणीकडे जातोय ते नाही पाहिलं!

कारण त्याच आठवड्यात योंग-सेनला उकडू लागलं होतं. हा पठ्ठ्या उठला, लाल प्लॅस्टिकची दोरी घेतली आणि माझी मान डावीकडे वळवून जाळीला करकचून बांधली. त्याला लबाडी करायची नव्हती हो, त्याला फक्त स्वतःपुरता वारा हवा होता. पण तो वारा त्याच्या संगणकालाही लागला. उजवीकडचा मात्र भट्टीसारखा तापला. आणि संगणक तापला की स्वतःला जपण्यासाठी हळू चालतो. मग तेवढ्याच वेळात मेंग-रूची साळुंकी पुढच्या कमी चाली पाहू लागली आणि हरू लागली. मी ओरडलो, खडखडलो, मान सोडवायला धडपडलो. योंग-सेनने माझ्या डोक्यावर चापट मारली. "गप रे म्हाताऱ्या!"

मेंग-रू आकडे पाहून पांढरी पडली.

"सर, एकदा एकच साळुंकी दोन्हीकडे बसवून बघू या. स्वतःशी खेळताना बरोबरीच व्हायला हवी. नाही झाली तर चाचणीतच खोट आहे."

योंग-सेन हसला. "आरशाशी कुस्ती खेळायचीय का तुला? हरलीस ते मान्य कर ना बाई!"

"दादा, मी सरांना विचारतेय."

"पोरी, आकडे खोटं बोलत नाहीत," सर म्हणाले. "आणि विजेचं बिल काय कमी येतंय का?"

त्यांनी योंग-सेनचं नाव पाठवून दिलं. मेंग-रू आपली पिशवी घेऊन जिना उतरली आणि मी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहू शकलो नाही.

स्पर्धेच्या सभागृहात गार हवा होती आणि ती सगळ्यांना सारखी होती. तिथे योंग-सेनची साळुंकी पहिल्या दिवसापासून आपटली. सर परतले ते खांदे पाडून. राहिलेलं सामान न्यायला मेंग-रू आली, तेव्हा सर आपणहून म्हणाले, "तू म्हणत होतीस ते कर बाई एकदा."

तिने एकच साळुंकी दोन्हीकडे बसवली. डावीकडची जिंकत गेली. मेंग-रूने उजव्या संगणकावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. मग तिची नजर माझ्या मानेकडे गेली.

"म्हणजे सगळा घोळ या भंगाराने केला तर!" योंग-सेन म्हणाला.

"फेकून द्या तो पंखा," सर म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी! माझी पाती रागाने थरथरली.

"सर, पंख्याने स्वतःची मान स्वतः बांधून घेतली का?" मेंग-रूने विचारलं. सर भिंतीकडे पाहू लागले आणि योंग-सेनला एकदम फोन आठवला. तिने कात्रीने दोरी कापली, मला उचललं आणि खाली घेऊन गेली.

आता मी तिच्या मावशीच्या दुकानात असतो. वडिलांचं म्हणणं खरं झालं, मेंग-रू सकाळी माशाची पेज वाढते. दुपारी मागच्या खोलीत दोन संगणक लावून बसते आणि कुठल्याही चाचणीआधी साळुंकीला स्वतःशीच खेळवते. मी दोन्हींवर वारा घालतो. पण तिचं गेलेलं वर्ष मला परत आणता येत नाही, म्हणून माझा राग जात नाही. मित्रांनो, आम्हां यंत्रांना पुसा, तेल घाला, ते आहेच. पण आमच्यावर बोट रोखण्याआधी गाठ कुणी मारली तेही पाहा.

परवा योंग-सेन पेज खायला आला. घाम पुसत कोपऱ्यात बसला आणि ओरडला, "मावशी, पंखा जरा इकडे वळवून ठेवा ना!"

मेंग-रूने वाडगा त्याच्यासमोर ठेवला.

"तो फिरतोय, दादा. थांब, तुझी पाळी येईल."