जाळीला चिकटलेला हात

नदी इतकी रुंद होती, की पलीकडच्या काठावरचा माणूस हात हलवतोय की कपडे झटकतोय, हे कळायचं नाही. तिच्यातून शहराला पाणी जायचं आणि ते ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडावरची लोखंडी जाळी साफ करायला पाणबुड्या बुडी मारायचा. सव्वीस वर्षं हेच काम. गेली तीन वर्षं वर दोर धरायला त्याची लेक होती. "माझा जीव परक्याच्या हातात देणार नाही," असं तो सांगायचा. खरं तर तेवढ्या पगारात दुसरं कुणी यायलाच तयार नव्हतं.

बुडीच्या वेळी पंप बंद ठेवायचा, हा जुना नियम. पण त्या वर्षी वरच्या कालव्यांनी पाणी ओढलं, नदी आटली आणि साहेबांनी फर्मान काढलं, "मंद ठेवा, बंद नको. शहर बोंबलतंय." पंपघरात बटणांपाशी पाणबुड्याचा मेहुणाच बसायचा. तो म्हणाला, "भावजी, जपून."

खाली गढूळ अंधार. गजांवर शिंपल्यांचा थर चढलेला. पाणबुड्या चाचपडत खरवडू लागला, तोच हाताला काहीतरी मऊ लागलं. माशांची पिल्लं होती, बोटाएवढी. वरच्या डोहांतून या दिवसांत ती समुद्राकडे निघत. दरवर्षी थोडीफार अडकायचीच, पण या वेळी जाळीवर त्यांची गोधडीच झाली होती. त्याने ओंजळभर सोडवून बाजूला सारली. ती पोहत निघाली आणि वीतभरावरून परत खेचली गेली.

शिंपले निघाले तिथून पाणी जोरात आत घुसलं. तिथला एक गज गंजून तुटलेला होता. काही कळायच्या आत त्याचा डावा हात खांद्यापर्यंत आत गेला. त्याने दोराला तीन हिसके दिले. लेकीने ओढलं, तर खांदा उखडेल असं झालं. मग त्याने एकच हिसका दिला, थांब.

त्याच्या मुखवट्याच्या काचेला एक पिल्लू चिकटलं होतं. तोंड उघडत होतं, मिटत होतं. एकाच माळेचे मणी आपण, असं त्याच्या मनात आलं. नळीतून हवा येत होती, तरी श्वास पुरत नव्हता.

वर लेकीने दोर कठड्याला बांधला आणि धावत पंपघर गाठलं.

"मामा, बंद कर! बाबा अडकलेत!"

"साहेबांना विचारावं लागेल गं. फोन लागत नाहीये."

"तू विचारत बस. मी आईला काय सांगू ते तेवढं सांगून ठेव."

मामाने बटण दाबलं.

खालची ओढ सैल पडली. हात निघाला तो निळा, सुजलेला. गोधडी विरघळली. बहुतेक पिल्लं उलटी होऊन तळाला गेली, थोडी सावरली आणि निघून गेली.

शहराला संध्याकाळपर्यंत पाणी नव्हतं. मेहुणा पंधरा दिवसांसाठी निलंबित झाला. घरी बायको हाताला शेक देताना म्हणाली, "तुम्ही वाचलात, देव पावला. पण भावाला काय तोंड दाखवू?" हे काम सोडावं, असं त्याला वाटलं. पण बावन्नाव्या वर्षी दुसरं काम कोण देणार होतं?

साहेब म्हणाले, "आठवड्याने पुन्हा बुडी लागेल. जमत नसेल तर सांगा."

उत्तर लेकीने दिलं. "पंपाला कुलूप लागेल आणि बाबा वर येईपर्यंत चावी माझ्याकडे राहील. नाहीतर दोर धरायला तुम्ही या."

साहेबांनी तासाभरापुरतं मान्य केलं. पाणबुड्याने धीर करून आणखी विचारलं, "पिल्लं जातात तो महिनाभर तरी पाइपापुढे बारीक जाळी लावू या का?"

"माशांना आधी पाणीपट्टी भरायला सांगा," साहेब हसले.

पुढची बुडी शांत पाण्यात झाली. गज त्याने निवांत घासले. पाइपाच्या तोंडासमोरून पिल्लांचे थवेच्या थवे कसलीही ओढ न लागता खाली चालले होते. संपतच नव्हते. काम उरकलं तरी तो तिथेच थांबला.

वर येऊन तो शिडीवर बसला. "उघडू कुलूप?" लेकीने विचारलं.

"थांब जरा. अजून जातायत."

तिने चावी मुठीत धरून ठेवली. पंपघरातला फोन वाजायला लागला, थांबला, परत वाजला. त्याने सुजरा हात चोळला. पलीकडे शहरात नळ कोरडे पडले असतील, लोक बादल्या घेऊन उभे असतील, त्यांत त्याची बायकोही असेल.

"उघड," तो म्हणाला आणि पाण्याकडे पाठ करून बसला.