माळ्यावरच्या कोठीत श्वास

बसा मित्रांनो, जरा जवळ सरका. एका माणसाच्या श्वासाची गोष्ट सांगतो. गोड नाही, पण ऐका. मी एक जुनं मशीन आहे. पोटात पंखा, पुढे नळी, टोकाला नाकावर बसणारा मास्क. झोपेत ज्याचा गळा मिटतो, त्याला मी हवा पुरवतो.

ब्राह्मणपुरीचे गिरधरभाऊ जोरात घोरायचे. गल्ली म्हणायची, "भाऊ इतला घोरस, चोर कसा येई?" मधेच घोरणं थांबलं की लोकांना वाटायचं, आता गाढ झोप लागली. कसली झोप! श्वासच थांबलेला असायचा. बायको रंजनाबाईनं ते ओळखलं, शहाद्याच्या डॉक्टरला दाखवलं, आणि मी घरात आलो. थोड्याच दिवसांत भाऊ केळीच्या बागेत शीळ घालत फिरायला लागले.

मग त्यांच्या लेकीला, मयूरीला, बघायला पाहुणे यायचं ठरलं.

"हाई सोंड लपाडा पह्यले," रंजनाबाई म्हणाली. "पाव्हना म्हनतीन, पोरना बापले नळी लागस. सोयरीक मोडी जाई."

"मी काय हत्ती शे का?" भाऊ हसले. "ठेव कोठीमा. पोरनं लगीन व्हऊ दे, मंग लावसू."

माळ्यावरच्या रिकाम्या कोठीत मी गेलो. लग्न झालं. मग जावई मुक्कामी, मग व्याही, मग पोरीचं बाळंतपण. लाज काही संपेना. उंदरांनी माझी नळी खाल्ली. खालून घोरणं ऐकू यायचं, मधेच गप्प. मी वर पडून.

नातू शाळेत जायला लागला, तेव्हा भाऊंच्या लघवीतून रक्त गेलं. किडनीचा कॅन्सर निघाला.

मयूरीनं विचारलं, "मशीन लावलं नाही म्हणून झालं का, डॉक्टर?"

"नक्की नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाले. "झोपेत प्राणवायू कमी पडत राहिला तर धोका वाढत असेल, अशी शंका आहे. मशीननं तो टळतोच, असंही सिद्ध नाही. पण हृदयासाठी, मेंदूसाठी ते लावायलाच हवं होतं."

रंजनाबाई पुटपुटली, "म्हंजे मन्हामुळे व्हयनं का नही, हाई कधी कळनारच नही?"



आता मला कोठीतून खाली आणून नवी नळी लावलीय. पण भाऊंचे गाल बसलेत, मास्क बसत नाही, हवा बाजूनं निसटते. रंजनाबाई उशाशी बसून तो हातानं दाबून धरते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी घोरता घोरता गप्प होत असेल, तर हसू नका, डॉक्टरकडे न्या. आणि माझ्यासारखं मशीन मिळालं, तर पाहुणे आले तरी ते उशाशीच राहू द्या. एवढं कराल ना?