शेवटच्या सीटवरचं प्लॅस्टिक

मी एक जुनी, आठ माणसांची मोठी मोटारगाडी आहे, मित्रांनो. तुम्ही रोज हातात पाने घेऊन माझ्याभोवती गोळा होता, माझं इंजिन खोलता आणि पुन्हा जोडता. कधी कधी एखादा नट उरतो आणि तो तुमच्यापैकी कोणीतरी हळूच खिशात टाकतो, तेही मला दिसतं. मोटार दुरुस्ती शिकवणाऱ्या या शाळेत माझ्या पोटातलं सगळं तुम्हाला पाठ झालं आहे. पण परवा तुमच्यातल्या एकीने मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "सर, हिच्या शेवटच्या सीटचं कव्हर कुठे गेलं? उंदरांनी खाल्लं का?"

सर म्हणाले, "असेल."

नाही हो मित्रांनो! उंदरांची उगाच बदनामी नको. ते कव्हर कुठे गेलं, हीच तर माझी गोष्ट आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी अशी लखलखत होते की लोक माझ्या दारात पाहून केस नीट करायचे. मला एका कुटुंबाने घेतलं. कुटुंबात माणसं तीन. बाबा, आई आणि त्यांची मुलगी. मुलीला सगळे मिरची म्हणत; का, ते तिने तोंड उघडलं की कळे. तीन माणसांना आठ सीटांची गाडी कशाला, असं दुकानदारानेसुद्धा विचारलं नाही. तो कशाला विचारेल? विचारलं ते आईने. बाबांचं उत्तर तयार होतं.

"पाहुणे आले तर?"

बाबांची नोकरी जमिनी मोजण्याची. दुसऱ्याच्या कुंपणात वीतभर फरक असला तरी त्यांना लांबून दिसे. पण आपल्या घरात माणसं किती, हे मोजताना ते दरवेळी न आलेले पाहुणे धरून बेरीज करत.

माझी सीट कव्हरं शिवली ती आईच्या वडिलांनी. आई त्यांना अप्पा म्हणे आणि मिरची आजोबा. घाटापलीकडच्या एका छोट्या गावात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. गडद निळं जाड कापड आणि त्यावर पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण. ती शिवण इतकी सरळ होती की बाबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अप्पा, ही रेघ मी नकाशात मारली असती तर मला बढती मिळाली असती." मग त्यांनी काय केलं? सगळ्या कव्हरांवर जाड प्लॅस्टिक चढवलं. कापड खराब होऊ नये म्हणून.

पुढच्या सीटांवरचं प्लॅस्टिक यथावकाश फाटलं, मधल्यांवरचं मिरचीने नखांनी कुरतडून काढलं. शेवटच्या सीटवरचं मात्र तसंच राहिलं. ती सीट पाहुण्यांची. तिच्यावर वर्षानुवर्षं एक मोडकी छत्री बसून प्रवास करत होती.

माझा रुबाब मोठा होता, हे मी नाकारत नाही. गल्लीत शिरले की सायकली भिंतीला चिकटत. पंपावर तर माझं स्वागत एखाद्या श्रीमंत मावशीसारखं होई. मी प्यायचेच तशी! चढ आला की गटागटा, उभी असले तरी घोट घोट. त्यामुळे मला बाहेर काढणं हा एक सोहळाच होता. घाट ओलांडून आजोबांकडे जायचं तर बाबा आठवडाभर आधी उसासे टाकू लागत. वर्षातून एकदोनदा आम्ही जात असू, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं.

मग आजोबांच्या डोळ्यांवर हळूहळू पडदा येऊ लागला. औषध होतं, पण ते फक्त वेग कमी करणारं. गेलेलं परत आणणारं नव्हतं. आजोबा दुकान सोडून यायला तयार नव्हते. फोनवर हसत सांगत, "मधलं छान दिसतं. कडा तेवढ्या कुणीतरी कातरून नेल्यात. या एकदा, पोरीला बघून घेतो."

तेव्हापासून दर शनिवारी आई अंगणात माझ्याजवळ येऊन उभी राही.

"उद्या जाऊन येऊ या?"

"अगं, ही गाडी काढायची म्हणजे काय खेळ आहे?" बाबा म्हणत. "मधे घाट आहे. पुढच्या महिन्यात बघू."

"मग मी चालवते."

"ही? हे धूड तुला झेपायचं नाही."

बस होती, पण ती घाटाच्या अलीकडेच थांबे. असे कितीतरी शनिवार गेले. माझं स्टिअरिंग बाबांच्या हातात होतं आणि आजोबांचा उजेड कुणाच्याच हातात नव्हता.

एका शनिवारी आईने विचारलं नाही. तिने सांगितलं. "मी छोटी गाडी बघून आलेय. जुनीच आहे, पण कमी पिते. ही काढून टाकू."

"आणि पाहुणे आले तर?"

"टॅक्सीने येतील. अप्पांचे डोळे थांबायचे नाहीत."

बाबांनी माझ्या आठही सीटांवरून एकदा नजर फिरवली.

ती छोटी गाडी आली. माझ्या शेजारी उभी राहिली तर माझ्या आरशाखाली मावली. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. फेरी लगेच संपली. "ही गाडी आहे की चपलांचा डबा?"

मिरची म्हणाली, "बाबा, चढावर आपण पाय बाहेर काढून पळायचं का?"

"तू गप गं. बस मागे," आई म्हणाली आणि स्वतः चालवायला बसली. बाबा शेजारी बसले, गुडघे हनुवटीला लावून, फाशी जाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने.

तो घाट मला ठाऊक होता, मित्रांनो. त्याचं एकेक वळण माझ्या हाडांत होतं. त्या वळणांवर मी धापा टाकल्या आहेत, धूर ओकला आहे. मला वाटलं, ही बाहुली दुसऱ्या वळणावरून परत येणार. मी फाटकाकडे डोळे लावून बसले. दुपार झाली. ऊन कलू लागलं. आणि दिवेलागणीला ती गुणगुणत आत आली! न धापा, न धूर. जणू कोपऱ्यावर जाऊन आली होती.

बाबा उतरले नाहीत. ते काचेतल्या पेट्रोलच्या काट्याकडे पाहत होते. त्यांनी काचेवर टिचकी मारली. मग दुसरी. "काटा अडकलाय," ते म्हणाले.

"अडकलेला नाही," आई म्हणाली.

"मग घाट चढून आल्यावर एवढाच कसा हलेल? अडकलाच आहे!"

दुसऱ्या दिवशी शहानिशा करायला ते स्वतः तिला पंपावर घेऊन गेले. परत आल्यावर अंगणात उभं राहून फोनवर मित्राला सांगत होते, "अरे, तो पंपवाला नळी लावतो न लावतो तोच म्हणाला, भरली. म्हटलं, नीट बघ. तर म्हणतो, साहेब, पोट रिकामं झालंच नव्हतं, भरू काय?" मग त्यांनी तिच्या टपावर हात ठेवला. मोजणी चुकल्यावर माणूस जमिनीकडे पाहतो तसे ते तिच्याकडे पाहत राहिले.

आणि मी? मी थक्क झाले. माझ्या एका उसाशात जेवढं जळून जाई, तेवढ्यात ही डोंगर ओलांडून आली होती. ताकद म्हणजे आवाज, असं मी जन्मभर समजत होते. शेजारी उभी असलेली ही एवढीशी गाडी काहीच न बोलता मला केवढं सांगत होती!

त्यानंतर रविवारमागून रविवार ती जात राहिली. आता उसासे नव्हते, सोहळा नव्हता. सकाळी आई किल्ली उचली आणि म्हणे, "चला." परत आल्यावर मिरचीची बडबड मला ऐकू येई. "आजोबांनी आज काज करायला शिकवलं. आजोबा माझा चेहरा दिव्याजवळ नेऊन बघतात आणि म्हणतात, नाक आजीचं आहे, जीभ मात्र कुणाची ते माहीत नाही." मी मनातल्या मनात हिशेब मांडला. माझ्याकडे सीटा आठ होत्या. तिच्याकडे रविवार होते.

मग एका रविवारी ती परतली तेव्हा तिच्यातून आजोबाही उतरले. मला या शाळेत द्यायचं ठरलं होतं, आणि त्याआधी त्यांना मला भेटायचं होतं. बाबांनी हात धरून त्यांना आत चढवलं. पुढच्या सीटांवरून बोटं फिरवत ते मागे गेले. कापड झिजलं होतं, कुठे कुठे उसवलं होतं. "वापरलंत हो," ते खुशीने म्हणाले. मग शेवटच्या सीटला हात लागला आणि प्लॅस्टिक कुरकुरलं.

"हे काय?"

बाबांनी छत्री उचलून पाठीमागे लपवली. "ते... पाहुण्यांसाठी ठेवलं होतं, अप्पा."

आजोबा खो खो हसले. "मग आलोय की मी, जावईबापू! काढा आता."

बाबांनी प्लॅस्टिक फाडलं. काय सांगू, मित्रांनो! आतलं कापड कालच शिवल्यासारखं होतं. आजोबा गुडघ्यांवर बसले, चेहरा अगदी सीटला लावला आणि हळूच म्हणाले, "पिवळा दिसतोय मला." मिरचीने त्यांचं बोट धरून त्या पिवळ्या दोऱ्यावर ठेवलं.

"हे उसवा," शिवण चाचपत आजोबा म्हणाले. "त्या धाकट्या गाडीच्या पुढच्या दोन सीटांना पुरेल."

पुढचे काही दिवस आजोबा आमच्याकडे राहिले. मिरची सुई ओवून देई, बाबा कापडाचं टोक धरून उभे राहत. बाबांनी खिशातून फीत काढली, तर आजोबा म्हणाले, "ठेवा ती," आणि विती टाकत गेले. बाबांनी त्यांच्या पाठीमागे गुपचूप मोजून पाहिलं. फरक नव्हता. कडा न दिसणारा माणूस बोटांनी कड शोधत होता, आणि शिवण पूर्वीसारखीच सरळ उतरत होती. आजोबांनी डोळ्यांच्या साथीने शिवलेलं ते शेवटचं काम.

आता त्यांना दिसत नाही. पण जाता जाता उजेडाने दार लावलं, त्याआधी त्यांनी नातीला पोटभर पाहून घेतलं होतं. त्या लहानग्या गाडीने त्यांच्या दारात मुलगी आणि नात इतक्या वेळा आणून सोडली, की आजोबा आजही मिरचीच्या नाकाचं वर्णन चुकत नाहीत.

परवा ती गाडी आपल्या शाळेसमोरून गेली, तुम्ही पाहिलंत का? फाटकाशी क्षणभर थांबली. आई चालवत होती, शेजारी आजोबा बसले होते आणि त्यांचा अंगठा सीटच्या शिवणीवरून पुढे मागे फिरत होता. निळं कापड कडेला विटलं होतं, एका जागी दोरा सुटला होता. माझ्याकडे असताना ते इतकं सुंदर कधीच दिसलं नव्हतं.

म्हणून मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. गाडीची काळजी घ्या; वेळच्या वेळी तेल बदला, आणि उरलेला नट खिशात न टाकता त्याची जागा शोधा. पण उद्या स्वतःसाठी गाडी निवडाल, तेव्हा तिच्यात किती माणसं मावतात ते नंतर विचारा. ती तुम्हाला कोणाच्या दाराशी, किती वेळा नेईल ते आधी विचारा. आणि सीटवरचं प्लॅस्टिक पहिल्याच दिवशी काढा. पाहुणे आलेले असतात.