नऊ नंबरचा डावा बूट

मी एक बूट आहे. काळा, लेसचा, डाव्या पायाचा. सांगायला बसलो खरा, पण दुकानातलं ते एक वाक्य मी खरंच ऐकलं होतं, की इतकी वर्षं कपाटात बसून मनानेच रचलं, याची मला फार दिवस खात्री नव्हती. तेव्हा जे नीट आठवतं, ते आधी सांगतो.

मला घ्यायला मुलगा आला नव्हता, त्याचे बाबा आले होते. तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. पायात साध्या चपला. मुलाच्या चपलेभोवती पेन्सिल फिरवून जुन्या कॅलेंडरच्या पानामागे त्यांनी माप आणलं होतं.

"काका, हा आठ नंबर होतोय," दुकानदार म्हणाला.

"नऊ द्या."

"मुलगा केवढा आहे?"

"सव्विसावं सरलं."

"मग आता कसला वाढतोय त्याचा पाय? त्यालाच घेऊन या ना."

"त्याला कुठली सवड? परवा निघतोय. परदेशात नोकरी लागलीय, ऑफिसात."

पुढे बाबा आणखी काहीतरी म्हणाले. तेवढ्यात माझ्या खोक्याचं झाकण लागलं. थंडीबद्दल बोलले असावेत. असावेत, एवढंच म्हणतो.

कागद टाकून द्यायची बाबांना सवय नव्हती. घरी आल्यावर मापाच्या त्याच कागदाची घडी करून त्यांनी ती माझ्या पुढच्या टोकात कोंबली, आणि उजव्यात वर्तमानपत्राचा बोळा, आकार मोडू नये म्हणून. मुलाने पाय घालून पाहिला.

"आई, बघ. बाबा अजून मला शाळेतलाच समजतात. एक नंबर मोठा आणलाय."

"राहू दे रे, हौसेने आणलाय," आई म्हणाली.

आत कागद होता म्हणून मी कसाबसा पायात राहत होतो. त्याने तो काढलाच नाही.

नवं ऑफिस फार शांत होतं. गुळगुळीत फरशीचा लांब रस्ता, दोन्ही बाजूंना माना खाली घातलेली माणसं. माझी टाच दर पावलाला चटचट वाजायची आणि एकेक मान वर व्हायची. तो लाजून टेबलाखाली मला काढून ठेवू लागला. पण साहेबीणबाई आल्या की घरच्या सवयीने ताडकन उभा राहायचा, नुसत्या मोज्यांवर.

"तुम्ही सारखे उभे का राहता? काही हवंय का?" त्यांनी एकदा विचारलं.

"नाही मॅडम, असंच," तो म्हणाला, आणि त्याचा पाय खाली मला चाचपत राहिला.

दर रविवारी बाबांचा फोन. तू कसा आहेस, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

"बूट बसतात ना?"

"बसतात, बाबा."

"मोजे घालतोस?"

"घालतो हो."

मग दोघेही गप्प. फोन मात्र कोणी ठेवायचं नाही.

थंडी पडली तसे त्याने दोन मोजे चढवले. कागदासकट पाय आत जाईना, बोटं चेपली. "आधी सैल, आता घट्ट. बाबांचं माप म्हणजे कमाल आहे," असं पुटपुटत त्याने दुसऱ्या दिवशी नवे बूट आणले. मी कपाटात गेलो. रविवारी कपाटाच्या फटीतून ऐकू यायचं, "बसतात, बाबा. तेच घालून जातो." बाबांनी एकदा फोटो मागितला, तेव्हा मला पाच मिनिटं बाहेर काढलं होतं.

सहा महिन्यांनी येतो म्हणाला होता, तो तीन वर्षांनी घरी जाऊन आला. पुढे रविवारचे फोन बंद झाले. का, ते कळायला बुटालाही वेळ लागत नाही. दर सकाळी दाराशी दुसऱ्याच बुटांचा आवाज होई आणि मी एका पायाची वाट पाहत राही.

अशी कितीतरी वर्षं गेली, आणि गेल्या महिन्यात तोही निवृत्त झाला. कपाट आवरताना त्याची बायको म्हणाली, "हे टाकू का? चामड्याला भेगा पडल्यात."

"थांब," म्हणत त्याने माझ्यात हात घातला. कागद निघाला. मापाच्या कडेला बाबांचं कारकुनी अक्षर होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं: "पाय आठ नंबर. तिकडे थंडी, दोन मोजे घालील. म्हणून नऊ घेणे."

 त्याने उठून मोजे आणले, दोन जोड, उजव्यातला बोळाही काढला आणि पाय आत घातले. दारापर्यंत चालत गेला, परत आला. टाच वाजली नाही.

"बसतात," तो म्हणाला. ऐकायला मी होतो आणि माझा उजवा भाऊ.

दुकानातलं वाक्य मी बरोबर ऐकलं होतं. आणि माप चुकलं नव्हतं.